मॉडबसची लाइन पहिल्यांदा चालू करताय? आधी वायरपाशी बसा

डिप्लोमा किंवा आयटीआय करून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटला लागलात, की पहिल्या वर्षात कधीतरी साहेब हातात एक ड्रॉइंग देतात आणि सांगतात, "एवढे चोवीस मीटर स्काडावर आणायचेत." स्काडा म्हणजे कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर, ज्यावर सगळ्या उपकरणांचे आकडे दिसतात. मला असंच सांगितलं होतं. अभ्यासात मॉडबसवर, म्हणजे उपकरणं आकडे पाठवायला जी ठरलेली भाषा वापरतात तिच्यावर, एक प्रकरण होतं, पण वायरचं टोक कसं बांधायचं हे त्यात नव्हतं. पहिले चार दिवस मी लॅपटॉपवर सेटिंग बदलत बसलो. बिघाड टर्मिनलमध्ये होता. तुमचे ते चार दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

इथे सांगतोय ते आरएस-४८५ या सिग्नलच्या पद्धतीने दोन वायरींवर चालणाऱ्या मॉडबस आरटीयू या प्रकाराबद्दल. मॉडबस १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढला. आज एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), टेंपरेचर कंट्रोलर, फ्लो मीटर अशा बहुतेक उपकरणांवर त्याचे टर्मिनल असतात, म्हणून नवख्या माणसाची गाठ आधी त्याच्याशीच पडते. तुमच्याकडे प्रोफिबस, म्हणजे अशीच दुसरी भाषा, असेल तर यातले काही आकडे आणि शील्डचा (केबलमधल्या धातूच्या जाळीचा) नियम बदलेल. कामाचा क्रम मात्र हाच ठेवा.

जाण्याआधी पिशवीत काय हवं

- नेटवर्कचं ड्रॉइंग आणि केबल शेड्यूल. नसेल तर स्वतः काढा, पायरी १ मध्ये सांगतो.
- प्रत्येक उपकरणाची रजिस्टर यादी, म्हणजे कोणता आकडा कोणत्या नंबरच्या कप्प्यात आहे त्याची यादी, नेमक्या त्याच मॉडेलची. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची यादी वेगळी असू शकते.
- चांगला मल्टीमीटर, आणि मिळाल्यास मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर.
- यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, आयसोलेटेडच (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) घ्या. साधा स्वस्तात मिळतो, पण पॅनलमध्ये काही उलटसुलट झालं तर लॅपटॉपचा पोर्ट सोबत जातो.
- लॅपटॉप, त्यात मॉडबस मास्टरसारखं काम करणारं, म्हणजे उपकरणांना एकेक करून आकडे विचारणारं, एखादं पोलिंग सॉफ्टवेअर.
- १२० ओहम, पाव वॅटचे आठ-दहा रेझिस्टर. तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्यांचे.
- बारीक स्क्रू ड्रायव्हर, पिन टाइप लग (वायरच्या टोकावर चढवायची टोपी), क्रिम्पिंग टूल, नंबरचे फेरूल, मार्कर.
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये फोटो काढाच, पण आकडे वहीत लिहा.

आणि एक सक्त ताकीद. एनर्जी मीटरच्या मागे कम्युनिकेशनच्या टर्मिनलशेजारीच सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी असतात. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी पडली, तर तिच्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज येतो. मीटर काढायचा असेल तर आधी शॉर्टिंग लिंक लावायची, तीही इलेक्ट्रिकलच्या माणसाला सोबत घेऊन. परमिट आणि लॉक-टॅगशिवाय पॅनलमध्ये हात घालू नका. साहेब घाई करत असले तरी नाही.

१. आधी लाइन पायी फिरा

ड्रॉइंगमध्ये एक असतं आणि शेडमध्ये दुसरंच. मास्टरपासून शेवटच्या मीटरपर्यंत केबलच्या सोबत चालत जा. कोणत्या पॅनलमधून कोणत्या पॅनलमध्ये गेली, कुठे जॉइंट आहे, कुठे मोटरच्या केबलसोबत बांधली आहे, ते एका कागदावर क्रमाने उतरवा. अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल. हा कागद पुढे प्रत्येक पायरीवर लागतो. बिघाड शोधताना "अमुक मीटरनंतरचं सगळं बंद" हे फक्त त्यालाच कळतं, ज्याला कोणानंतर कोण आहे ते माहीत आहे.

२. केबल: पंगतीसारखी एका ओळीत

पीळ घातलेली, शील्ड असलेली, १२० ओहमची आरएस-४८५ ची केबल घ्या. दोन जोड्यांची घेतली तर उत्तम: एक जोडी डेटाला आणि दुसऱ्या जोडीतली वायर कॉमनला. "दोनच वायरींवर चालतं की" असं म्हणून कॉमन सोडून देणारे पुष्कळ भेटतात. चालतं, आणि मग एक दिवस चालत नाही. आरएस-४८५ चा रिसीव्हर दोन वायरींमधला फरक वाचतो हे खरं, पण त्या दोन्ही वायरी त्याच्या स्वतःच्या कॉमनच्या मानाने -७ ते +१२ व्होल्टच्या आतच असाव्या लागतात. दोन पॅनलच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की ही मर्यादा ओलांडली जाते.

स्टोअरमध्ये उरलेली कंट्रोल केबल वापरायचा मोह होतो. तिच्यात पीळ नसतो, शील्ड नसते. टेबलावर दहा मीटरला ती चालेल, तीनशे मीटरच्या शेडमध्ये रडवेल.

लाइन पंगतीसारखी जायला हवी. मास्टरकडून पहिल्याकडे, पहिल्याकडून दुसऱ्याकडे, वाढत वाढत शेवटच्या पानापर्यंत. मधल्या एका बॉक्समधून चार दिशांना चार केबल काढल्या की सिग्नल प्रत्येक फांदीच्या टोकावरून परततो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. फांदी काढावीच लागली तर मॉडबसच्या नियमाप्रमाणे ती २० मीटरपेक्षा लांब नसावी. एकाच बॉक्समधून अनेक फांद्या निघत असतील तर ४० मीटरला फांद्यांच्या संख्येने भागून जे येईल, तेवढीच प्रत्येकीची लांबी. मी तर एक मीटरच्या वर जाऊच देत नाही.

मुख्य लाइन ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, १००० मीटरपर्यंत नेता येते. एका सेगमेंटवर, म्हणजे एका सलग लाइनवर, ३२ उपकरणं, ही साध्या रिसीव्हरची मर्यादा. आजकालच्या अनेक चिप लाइनवर कमी भार टाकतात, म्हणून जास्तही जोडता येतात, पण ते मॅन्युअलमध्ये वाचून ठरवा.

पॉवर केबलपासून किमान एक वीत अंतर ठेवा, व्हीएफडीपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलपासून हातभर. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शील्ड सगळीकडे अखंड पुढे न्यायची आणि एकाच टोकाला अर्थ करायची, शक्यतो मास्टरच्या पॅनलमध्ये. कॉमनही तिथेच, एकाच जागी. प्रत्येक पॅनलमध्ये शील्ड अर्थला जोडली की दोन पॅनलच्या अर्थमधल्या फरकामुळे शील्डमधूनच करंट वाहू लागतो. तो बघायला क्लॅम्प मीटर शील्डभोवती लावा.

३. टोकं: इथे घाई नको

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये आम्ही अठरा मीटरची लाइन दिली होती. सकाळी सगळे हिरवे. दुपारी एक वाजला की शेवटचे तीन मीटर गायब, आणि सात-साडेसातला आपोआप परत. साहेबांना वाटलं फर्नेसचा नॉइज. मी टाइमआउट (उत्तराची वाट बघायचा वेळ) वाढवला, बॉड कमी केला, मीटर बदलून पाहिला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आमच्या एका जुन्या फोरमननी विचारलं, "वायर ओढून बघितली का रे?" मी म्हटलं, टाइट आहे, स्क्रू फिरत नाही. ते म्हणाले, "स्क्रू नाही विचारला, वायर विचारली."

पंधराव्या मीटरच्या पुढच्या बाजूची निळी वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली. सहज हातात आली. टोक डोळ्याजवळ धरलं तर दिसलं, की स्क्रू तांब्यावर नाही, इन्सुलेशनवर आवळला होता. निळ्या प्लॅस्टिकवर त्याचा गोल दात उमटला होता आणि तांब्याचा एकच केस वाकून टर्मिनलच्या कडेला टेकला होता. पत्र्याची शेड दुपारी तापली की प्लॅस्टिक मऊ पडायचं, टेकलेला केस सुटायचा. संध्याकाळी थंड झालं की पुन्हा टेकायचा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. इन्सुलेशन आठ मिलिमीटर सोलायचं, लग चढवायचा, क्रिम्प करायचा, टर्मिनलमध्ये घालून आवळायचा आणि मग प्रत्येक वायर ओढून बघायची. एका टर्मिनलमध्ये येणारी आणि जाणारी अशा दोन वायरी बसतात. तिथे दोन वायरींचा जोड लग वापरा. दोन वेगवेगळे लग कोंबले की एक आवळला जातो आणि दुसरा नुसता अडकून राहतो. शील्डचे सुटे केस कापून उरलेल्या भागावर स्लीव्ह चढवा, नाहीतर ते शेजारच्या टर्मिनलला शिवतात.

आता ए आणि बी. यात इतकी गफलत आहे की मी अक्षरांवर विश्वासच ठेवत नाही. आरएस-४८५ च्या मूळ मानकात बी ही धन वायर आहे आणि ए ही ऋण, पण अनेक उत्पादक नेमकं उलटं छापतात. मॉडबसच्या कागदपत्रांत त्यांनाच डी१ आणि डी० म्हटलंय. उपाय साधा आहे. उपकरण एकटं चालू करा, लाइन शांत असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन टर्मिनलमध्ये मोजा. ज्या टर्मिनलवर लाल प्रोब असताना आकडा धन येतो ते धन. काही उपकरणांत बायस (शांत लाइनला ठरावीक व्होल्टेज देणारी जोडणी) नसतो, त्यांचा आकडा शून्याजवळ येतो. तिथे मॅन्युअल बघा किंवा दोन्ही प्रकारे जोडून बघा. उलट जोडल्याने उपकरण जळत नाही, फक्त उत्तर देत नाही. मग संपूर्ण शेडमध्ये एकच रंग धनला ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

४. पॉवर बंद ठेवून ओहम मोजा

लाइनच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रेझिस्टर हवा. सगळ्या उपकरणांची पॉवर बंद करून धन-ऋण वायरींमध्ये ओहम मोजा. दोन १२० समांतर म्हणजे ६०. त्यात केबलचा स्वतःचा रेझिस्टन्स मिसळतो: ०.५ चौरस मिलिमीटरची ३०० मीटर केबल असेल तर एका टोकावरून साधारण ६५ दिसतील. खूप उपकरणं जोडलेली असतील तर आकडा साठच्या खालीही थोडा सरकतो.

- १२० च्या आसपास: एक टोक तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. रेझिस्टर लावला नाही किंवा मध्ये वायर तुटली आहे.
- ४० च्या आसपास: तिसरा रेझिस्टर कुठेतरी आहे. बहुतेकदा मधल्या एखाद्या व्हीएफडीच्या आत टर्मिनेशनचा, म्हणजे या टोकाच्या रेझिस्टरचा, छोटा स्विच ऑन राहिलेला असतो.
- शून्याजवळ: शॉर्ट. शील्डचा केस तपासा.
- हजारांत: दोन्ही रेझिस्टर नाहीत.

मग धन ते शील्ड, ऋण ते शील्ड, शील्ड ते अर्थ अशी मोजमापं घ्या. शील्ड ते अर्थ मोजताना मास्टरकडचा अर्थचा जोड तेवढ्यापुरता काढा. तरीही जोड दिसला, तर कुठेतरी दुसरा अर्थ लागलेला आहे.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा असेल तर सगळी उपकरणं काढून, नुसत्या केबलवर. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या मीटरवर फिरवला तर कम्युनिकेशनची चिप जाते.

५. उपकरणं आधी टेबलावर

नवा मीटर डब्यातून निघतो तेव्हा त्याचा पत्ता बहुधा १ असतो. चोवीस मीटर थेट लाइनवर लावले तर चोवीस जण एकाच हाकेला ओ देतात. म्हणून पॅनलमध्ये बसवण्याआधी प्रत्येक उपकरण टेबलावर एकटं चालू करा, पत्ता द्या, लॅपटॉपवरून वाचून बघा आणि पत्त्याचं लेबल पुढच्या बाजूला चिकटवा. पत्ते १ ते २४७ मधले. ० सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखीव आहे. पुढे कधी बदली मीटर येईल, त्यासाठी १ हा पत्ता कोणालाच देऊ नका. तो नव्यासाठी मोकळा ठेवा.

ही सवय मला एका साखर कारखान्यात लागली. सीझनच्या मध्यात रात्रपाळीत एक मीटर जळाला, कोणीतरी स्टोअरमधून नवा आणून बसवला आणि निघून गेला. सकाळपासून पत्ता १ चा मीटर, म्हणजे टर्बाइनचा, कधी बरोबर तर कधी वेडेवाकडे आकडे दाखवू लागला. दोन मीटर एकाच वेळी बोलत होते. टर्बाइनच्या पॅनलमध्ये आम्ही दिवसभर शोधत राहिलो. दोष दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या पॅनलमध्ये होता.

बॉड, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) तिन्ही सगळीकडे एकसारखे हवेत. मॉडबसच्या मानकात इव्हन पॅरिटी आणि १ स्टॉप बिट हा मूळ नियम आहे, आणि पॅरिटी नसेल तर २ स्टॉप बिट. प्रत्यक्षात बरेच उत्पादक पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट असं पाठवतात. कोणतंही ठरवा, पण एकच ठरवा. वेग ९६०० ठेवा. मीटर वाचायला तेवढा पुरतो आणि लांब लाइनवर तो जास्त माफ करतो.

६. लाइनवर एकेक करून घ्या

सगळं जोडून एकदम चालू करू नका. मास्टरच्या जागी लॅपटॉप लावा. पहिला मीटर घ्या, शंभर वेळा विचारा, शंभर उत्तरं यायला हवीत. मग दुसरा जोडा आणि दोघांनाही विचारा. ज्या क्षणी चुका सुरू होतील, त्या क्षणी दोष शेवटच्या जोडणीत आहे हे तुम्हाला माहीत असेल. चोवीस मीटरला अर्धा दिवस लागतो. एकदम जोडून मग शोधायला आठवडाही लागू शकतो.

सगळे आले की पोलिंग थांबवून शांत लाइनवर धन-ऋणमध्ये डीसी व्होल्ट मोजा. किमान ०.२ व्होल्ट हवेत. त्याहून कमी असेल तर कोणी बोलत नसताना रिसीव्हर नॉइजलाच डेटा समजू शकतो. बायसचे रेझिस्टर, ४५० ते ६५० ओहमचे, धन वायरीकडून ५ व्होल्टला आणि ऋण वायरीकडून कॉमनला, अख्ख्या लाइनवर एकाच जागी लावा. बऱ्याच मास्टर कार्डमध्ये ते आतच असतात, नुसता स्विच ऑन करायचा असतो. ज्या उपकरणांचे रिसीव्हर बायसशिवायही शांत राहतात त्यांना याची गरज नाही. मॅन्युअल तसं सांगतं.

७. उत्तर आलं, पण आकडा वेडा आहे

इथे नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण वायर बरोबर असते आणि तरी स्काडावर भलतंच दिसतं.

पहिला घोळ एकाचा. यादीत ४०१०८ लिहिलेलं असतं, पण लाइनवर प्रत्यक्षात १०७ जातो, कारण ४०००१ म्हणजे पत्ता शून्य. काही सॉफ्टवेअर हे एक स्वतः वजा करतं, काही करत नाही. व्होल्टेज वाचायला जाऊन शेजारचा करंट दिसला की हेच झालंय.

दुसरा घोळ फ्लोटचा. एका रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात, म्हणून ३२ बिटचा दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो. समजा व्होल्टेज बरोबर २३०.० आहे. दोन्ही रजिस्टर साध्या पूर्णांकात वाचली तर पहिल्यात १७२५४ आणि दुसऱ्यात ० दिसेल. मीटर बिघडलेला नाही, तुम्ही फ्लोट पूर्णांकात वाचताय. फ्लोट म्हणून वाचलं आणि ०.०० आलं, तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा आहे. सॉफ्टवेअरमध्ये वर्ड स्वॅप करा. माझी एक खूणगाठ सांगतो: २२५ ते २४० व्होल्टच्या फ्लोटमध्ये मोठ्या अर्ध्याचं रजिस्टर १७२४९ ते १७२६४ च्या दरम्यान असतं. अनोळखी मीटरची यादी हाताशी नसेल तर रजिस्टरांच्या रांगेत १७२ ने सुरू होणारे तीन आकडे शोधा. तिन्ही फेजचे व्होल्टेज बहुधा तिथेच सापडतात.

तिसरं स्केलिंग. ४३१२ म्हणजे ४३१.२ व्होल्ट की ४३.१२ अँपिअर, हे यादीतला गुणक सांगतो. सीटी रेशो मीटरमध्ये टाकला आहे की स्काडात, हेही बघा. दोन्हीकडे टाकला तर किलोवॅट त्या रेशोइतक्या पटीने जास्त दिसतील. शेवटची खात्री मीटरच्या डिस्प्लेसमोर उभं राहून, फोनवर कंट्रोल रूमशी आकडा ताडून करायची.

८. वेळेचं गणित आधीच करा

"मीटर अपडेट व्हायला वेळ लागतो" ही तक्रार येणारच. ९६०० ला एक अक्षर, ११ बिटचं, सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतं. २० सलग रजिस्टर एका विनंतीत मागितली तर विनंती ८ बाइटची आणि उत्तर ४५ बाइटचं, म्हणजे ६१ मिलिसेकंद. दोन्हींनंतर साडेतीन अक्षरांची शांतता, साधारण ८, आणि मीटरचा विचार करायचा वेळ समजा ३०. एका मीटरला १०० मिलिसेकंद धरा, चोवीस मीटरला अडीच सेकंदांच्या आत.

तीच २० रजिस्टर एकेक करून मागितली तर प्रत्येकाला ५५ मिलिसेकंद, एका मीटरला १.१ सेकंद, चोवीस मीटरला २६ सेकंद. वायर तीच, मीटर तेच. म्हणून सलग वाचा. एका विनंतीत १२५ रजिस्टरपर्यंत मागता येतात.

एखादा मीटर बंद पडला की काय होतं तेही बघा. टाइमआउट १ सेकंद आणि ३ रिट्राय (पुन्हा विचारणं) असेल तर त्या मेलेल्या मीटरपाशी मास्टर दर फेरीत ४ सेकंद ताटकळतो आणि बाकीचे तेवीस उगाच मंद होतात. टाइमआउट ३०० मिलिसेकंद, रिट्राय एक, एवढं मीटरला पुरतं.

९. चालू लाइन बंद पडली तर

पहिला प्रश्न: काय बदललं? वेल्डिंग झालं, नवा व्हीएफडी बसला, कोणी पॅनल धुतलं? ऑपरेटरला नीट, आदराने विचारा. त्याला कारण माहीत नसतं, पण वेळ माहीत असते.

मग लक्षण बघा. सगळेच बंद असतील तर मास्टरपासून सुरुवात करा. एका जागेच्या पुढचे सगळे बंद असतील तर त्या जागेवरच्या दोन टर्मिनलांपाशी जा. एकच बंद असेल तर त्याची पॉवर, पत्ता, टोकं. उत्तर येतंय पण सीआरसीच्या (उत्तर वाटेत बिघडलं का ते सांगणाऱ्या तपासणीच्या) चुका येताहेत, तर नॉइज, टर्मिनेशन किंवा एकाच पत्त्याचे दोघे.

एक्सेप्शन कोड (उपकरणाने पाठवलेला नकाराचा आकडा) ०२ आला तर निम्मं काम झालं असं समजा. मीटरने तुमचं ऐकलं, समजून घेतलं आणि "असं रजिस्टर माझ्याकडे नाही" असं उत्तर दिलं. वायर, पत्ता, बॉड सगळं बरोबर आहे, फक्त यादी बघा. ०१ म्हणजे ते फंक्शनच त्याला येत नाही. फंक्शन ०३ ऐवजी फंक्शन ०४ ने वाचून बघा.

कुठेच सुगावा लागत नसेल तर लाइन मधोमध सोडा, सुटलेल्या टोकाला पिशवीतला १२० लावा आणि मास्टरकडचं अर्धं तपासा. ते ठीक असेल तर दोष पलीकडे. पुन्हा अर्धं. चोवीस उपकरणांत पाच तपासण्यांत जागा सापडते.

एखादी मोटर सुरू झाली की चुका येत असतील, तर शिफ्ट इन्चार्जच्या परवानगीने ती दोन मिनिटं थांबवून खात्री करा. मग तिची केबल कोणत्या ट्रेमधून जाते ते पायरी १ च्या कागदावर बघा.

१०. आपल्या भागातल्या चार गोष्टी

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थ पिटचा रेझिस्टन्स वाढतो. जानेवारीत धडधाकट असलेली लाइन मेमध्ये बिनसते त्यामागे हेही कारण असतं. पिटमध्ये पाणी घालण्याचं वेळापत्रक इलेक्ट्रिकलकडे असतं, ते पाळलं जातंय का बघा. लाइनच्या दोन टोकांच्या अर्थमध्ये एसी आणि डीसी व्होल्ट मोजून ठेवा. काही व्होल्टच्या वर गेले तर आयसोलेटेड रिपीटर (सिग्नल ताजा करून पुढे पाठवणारं उपकरण) लावा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. केबल एका इमारतीतून दुसरीकडे, वजनकाट्यापर्यंत किंवा पंप हाऊसपर्यंत उघड्यावरून जात असेल तर तेवढा टप्पा फायबरचा करा. खर्च मंजूर नसेल तर निदान दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. पण मी फायबरसाठीच भांडतो, कारण एका विजेत लाइनवरचे सगळे मीटर गेलेले मी पाहिलेत.

उंदीर. ग्लँडचं, म्हणजे पॅनलमध्ये केबल शिरते तिथलं, भोक उघडं ठेवू नका.

आणि साखर कारखान्यात असाल तर तारखा ओळखा. पावसाळाभर बंद असलेल्या पॅनलमध्ये दमट हवेने तांब्यावर हिरवट थर येतो, बगॅसची भुकटी टर्मिनलवर बसते. रोलर पूजनाच्या सुमारास लाइनची तपासणी सुरू करा आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी संपवा. गव्हाणीत मोळी पडली की शटडाऊन मागायला कोणी उभं करत नाही.

११. पॅनलच्या दाराआड एक कागद

लाइन धडधाकट असताना तिची मोजमापं घ्या. आजारी पडल्यावर घेतलेल्या आकड्याला ताडून बघायला काही नसेल, तर तो आकडा मुका असतो. मी मास्टरच्या पॅनलच्या दाराला आतून एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवतो. त्यावर:

- मीटरांचा क्रम, पत्ते, प्रत्येकाची जागा
- धन आणि ऋण वायरीचा रंग
- बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट, टाइमआउट
- दोन्ही टर्मिनेशन कुठे आहेत, बायस कुठे आहे, शील्ड कुठे अर्थ आहे
- पॉवर बंद असतानाचे ओहम, दोन्ही टोकांवरून
- शांत लाइनचे व्होल्ट
- शील्डमधला करंट, दोन टोकांच्या अर्थमधले व्होल्ट
- हजार विनंत्यांमागे किती चुका
- तारीख, आणि मोजणाऱ्याचं नाव

दर सीझनला किंवा वर्षातून एकदा तेच आकडे पुन्हा घेऊन शेजारच्या रकान्यात लिहा. गेल्या वर्षी मास्टरकडून ६३ ओहम आले आणि यंदा ११८ आले, तर लॅपटॉप उघडू नका. शेवटच्या मीटरकडे चालत जा, आणि वाटेतल्या प्रत्येक पॅनलमध्ये वायर ओढून बघा.